टाकीवरची साय

आमच्या घरात मासे आले ते मेहुण्यामुळे. एरवी नगरसारख्या गावात, जिथे आमच्या नळाला पाणी एक दिवसाआड येतं आणि येतं त्या दिवशी माणसं आंघोळीआधी बादल्या मोजतात, तिथे छप्पन्न लिटर पाणी काचेच्या पेटीत भरून त्यात दुसऱ्या कोणाला पोहायला सोडावं, हे माझ्यासारख्या बी.कॉम. झालेल्या माणसाला सुचणं शक्य नव्हतं. पण मेहुणा पुण्याला असतो, आणि पुण्याला असल्यामुळे त्याला वास्तुशास्त्र कळतं. घराच्या ईशान्येला आठ सोनेरी आणि एक काळा मासा ठेवला की लक्ष्मी स्थिर होते, असं त्याने सांगितलं. मी बँकेत कारकून. दिवसभर लक्ष्मी माझ्या हातातूनच जाते आणि संध्याकाळी तिजोरीत स्थिर झालेली बघूनच मी घरी येतो. पण बायकोच्या भावाशी वाद घालू नये, एवढं वास्तुशास्त्र मलाही येतं.

दुकानदार मात्र भला माणूस निघाला. "दोन फुटी टाकीत नऊ मासे? साहेब, मुंबईची लोकल आहे का ती?" असं म्हणून त्याने चार गोल्डफिश आणि एक काळी मॉली दिली. लक्ष्मी निम्म्यानेच स्थिर होणार हे तेव्हाच ठरलं.

पहिले पंधरा दिवस मजेत गेले. शेजारचे येऊन बघून गेले. "खायचे का बघायचे?" हा विनोद सात जणांनी केला आणि सातही वेळा मी हसलो. सोळाव्या दिवशी सकाळी ट्यूबलाइट लावली तर पाण्यावर काहीतरी चमकलं. पेट्रोल पंपावर सांडलेल्या थेंबावर दिसतं तसं निळंजांभळं. दोन दिवसांनी ते पांढुरकं झालं. दुधावर धरते तशी पातळ साय. बोट लावलं की फाटायची, बोट काढलं की हळूच पुन्हा मिटायची.

आता तवंग म्हटला की आम्हा लोकांना काही परका नाही. मिसळीवर बोटभर तवंग नसेल तर आम्ही प्लेट परत पाठवतो. दुधावर साय आली नाही तर गवळ्याचं खानदान निघतं. तोच पदार्थ माशांच्या टाकीवर आला तर मात्र पाहुण्यांसमोर मान खाली. पदार्थ तोच, पण पातेलं बदललं की अब्रू बदलते. या विषयावर मी हिच्याशी बोलायला गेलो तर ती म्हणाली, "तत्त्वज्ञान नंतर. रविवारी मुलीच्या मैत्रिणीचे आईवडील येणार आहेत, त्याआधी ते काढा."

काढायची पद्धत सोपी आहे. पाण्यावर कागद अलगद पसरायचा, क्षणभर थांबायचं, आणि एका टोकाने ओढून घ्यायचा. साय कागदाला चिकटून येते. मी आधी वर्तमानपत्र वापरलं. दुकानदार म्हणाला, छापील नको, शाई उतरते, कोरा घ्या. कोरा म्हटल्यावर मला आमच्या शाखेतल्या रेकॉर्ड रूममधला गुलाबी टीपकागदाचा गठ्ठा आठवला. लेजरमध्ये शाईने लिहायचे त्या काळातला. आता त्याला वाळवीशिवाय कोणी विचारत नाही. तरी माल बँकेचा, म्हणून मी मॅनेजरसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "घेऊन जा, पण तुम्ही मला विचारलं नाही असं समजा." म्हणजे मी विचारलं होतं, पण विचारलं नव्हतं, आणि त्यांनी दिलं नव्हतं, पण मी नेलं होतं. त्या बारा टीपकागदांवर नैतिकदृष्ट्या कोणाची मालकी आहे, हे मला अजून सांगता येत नाही. साय मात्र फार सुरेख उचलतात.

रविवार पार पडला. पाहुणे म्हणाले, किती नितळ ठेवलंय पाणी! मी म्हणालो, रोज थोडं लक्ष द्यावं लागतं. मंगळवारी साय परत हजर.

इथे मला माझा धंदा आठवला. बँकिंगमध्ये एक जुनी चाल आहे. वर्ष संपतं ३१ मार्चला. त्या संध्याकाळी ओळखीच्या शेठजींना फोन करायचा, "दोन दिवस ठेव ठेवा, वर्ष उलटलं की काढून न्या." ताळेबंदात ठेवींचा आकडा कसा गोबरा दिसतो. याला विंडो ड्रेसिंग असं सोज्ज्वळ नाव आहे. कर्जाचंही तसंच. हप्ता थकून नव्वद दिवस उलटले की खातं अनुत्पादक होतं, त्याच्यापोटी तरतूद करावी लागते, वरून पत्रं येतात. मग एकोणनव्वदाव्या दिवशी कर्जदाराच्या दारात जाऊन, त्याच्या आईची, गुरांची आणि द्राक्षांची चौकशी करून हप्ता भरून घ्यायचा. नव्वदाव्या दिवशी पाणी नितळ! खाली काय कुजतंय ते खाली. वीस वर्षं मी असे टीपकागद फिरवत आलो आहे आणि त्याबद्दल दोन वेळा माझं कौतुकही झालं आहे. तेव्हा घरच्या टाकीवर कागद फिरवताना मला अचानक नैतिक प्रश्न पडावा, हे जरा उशिराच झालं.

प्रश्न असा, की वरचं काढलं म्हणजे काय केलं? नुसतं लपवलं, की काही सुधारलं?

आमच्या कन्येने यात भर घातली. ती अकरावी सायन्सला आहे, म्हणजे घरात तिच्याइतकं ज्ञान सध्या कोणालाच नाही. तिने सांगितलं की बेंजामिन फ्रँकलिन, तेच ते विजेवाले, यांनी लंडनच्या क्लॅपहॅम कॉमनमधल्या तळ्यावर चमचाभर तेल ओतलं, तर ते पसरत पसरत जवळजवळ अर्धा एकर झालं आणि तेवढं पाणी काचेसारखं शांत झालं. १७७४ साली त्यांनी हे छापलं. अर्धा एकर म्हणजे वीस गुंठे. एका चमच्यात वीस गुंठे! आमच्याकडे एवढ्यात भावाभावांचे दोन दावे झाले असते. मी हिशेब करून पाहिला. तो थर एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या दोन-अडीच भागांएवढा जाड येतो. म्हणजे एका रेणूचा थर. फ्रँकलिनने हा भागाकार केला नाही. बी.कॉम. नव्हता, दुसरं काय.

पण मला खरी आवडली ती दुसरी गोष्ट. जर्मनीत ब्राउनश्वाइग गावात आग्नेस पॉकेल्स नावाची बाई होती. जन्म १८६२चा. शास्त्राची आवड, पण तेव्हा तिकडे मुलींना विद्यापीठाचे दरवाजे बंद. घरात आईवडील आजारी, त्यांची सेवा हिच्याकडे. तर या बाईने स्वयंपाकघरातच प्रयोग मांडला. पत्र्याचं उथळ भांडं काठोकाठ भरायचं आणि त्याच्यावर आडवी पट्टी ठेवून सरकवायची, की पट्टीमागचं पाणी स्वच्छ होतं आणि सगळा तवंग पुढे गोळा होतो. अगदी माझा टीपकागद! दहा वर्षं तिने हे केलं, आणि जानेवारी १८९१ मध्ये लॉर्ड रॅली या बड्या शास्त्रज्ञाला पत्र लिहिलं. त्या भल्या माणसाने ते बायकोकडून इंग्रजी करून घेऊन 'नेचर'कडे पाठवलं आणि मार्चमध्ये ते छापून आलं. पुढे त्याच धर्तीचं भांडं वापरून लँगम्यूर नावाच्या अमेरिकनाने काम वाढवलं आणि १९३२चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. त्याच साली बाईंना सत्तराव्या वर्षी मानद डॉक्टरेट मिळाली. सत्कार बहुधा तेव्हाच होतो, माणूस स्टेजवर चढताना आधार लागायला लागला की.

या बाईंमुळे माझं एक मत बदललं. लहानपणापासून आपल्याला शिकवतात, वरवरचं खोटं आणि खोल ते खरं. वरवरचं हसणं, वरवरचं बोलणं, वरवरचा अभ्यास, सगळी शिवीच. पण मासा जगतो कशावर? पाण्यात हवा शिरते ती पाणी आणि हवा भेटतात तिथूनच. खोलवर कितीही पाणी असू दे, वरचं दार बंद झालं की तळातला मासा गुदमरतो. म्हणजे त्याचा जीव असतो त्या वरवरच्या बोटभर जागेत. आपलंही असंच असावं. सकाळी भेटल्यावर "काय, बरं आहे ना?" हे वरवरच बोलायचं असतं, पण ते बंद झालं की घरात आठ दिवसांत सगळ्यांना धाप लागते.

असो. माझी गाडी भलतीकडे चालली. मुद्दा असा की साय काढणं आवश्यक होतं, पण ती रोज येत होती. मी पुन्हा दुकानदाराकडे गेलो. त्याने एकच विचारलं, "खाणं कोण घालतं?"

"सकाळी मी. एक चिमूट."

"आणि?"

"आणि कोणी नाही."

"मग साहेब, तुम्ही दोन महिन्यांत तिसरा डबा का नेताय?"

वीस वर्षं खाती जुळवणाऱ्या माणसाला एका मासेविक्याने फरक दाखवून द्यावा! शंभर ग्रॅमचा डबा. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच घालायचं असा नियम. त्या हिशेबाने डबा तीन महिने तरी जायला हवा. मग माल जातो कुठे? मी घरी येऊन डब्यावर आतल्या पातळीची पेन्सिलने खूण केली. सकाळी एक, संध्याकाळी एक. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि पेपर तोंडासमोर धरून हॉलमध्ये बसलो.

अकरा वाजता नाना आले. नाना म्हणजे माझे वडील, वय शहात्तर. टाकीपाशी उभे राहिले. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. "अरे, अजून जेवला नाहीत का रे?" असं म्हणून त्यांनी डबा उघडला आणि चांगली तीन बोटांची चिमूट सोडली. बारा वाजता पुन्हा आले. "अरे, अजून जेवला नाहीत?" पुन्हा चिमूट. दुपारी झोपून उठल्यावर पुन्हा. चेहऱ्यावर दरवेळी तीच माया, तीच चिंता. आधीच्या वेळेची एक रेघही नाही.

मी पेपर खाली घेतला नाही.

खरं म्हणजे गेल्या वर्षभरात बरंच काही दिसत होतं. चहा झाल्यावर चहा झाला का असं विचारणं. विशाल गणपतीला जाऊन आल्यावर तासाभराने पुन्हा टोपी घालून निघणं. आम्ही प्रत्येकाने त्याच्यावर कागद फिरवला होता. मी म्हणायचो, वय झालं. ही म्हणायची, आई गेल्यापासून एकटे पडलेत. कन्या म्हणायची, आजोबा मुद्दाम गंमत करतात. पाणी नितळ.

नाना कर्जत तालुक्यातल्या कोरडवाहू गावचे. १९७२च्या दुष्काळात ते बावीस वर्षांचे होते. दुष्काळी कामावर त्यांनी खडी फोडली आहे, सरकारने दिलेली सुकडी आणि तांबडी मिलो खाल्ली आहे. मिलोच्या भाकरीचा रंग ते अजून हाताने दाखवतात. घरचे दोन बैल वैरणीवाचून उभे होते. ते विकायला नेले तर घ्यायला गिऱ्हाईक नाही, कारण घेणाऱ्याच्या घरी तरी वैरण कुठे होती? नंतर ते जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झाले, पेन्शन बसली, सावेडीत घर झालं. पण तोंड उघडलेलं जनावर दिसलं की त्यांचा हात डब्याकडे जातो. तेवढं ते विसरलेले नाहीत.

आता या माणसाला जाऊन, "नाना, तुम्ही विसरता" असं कसं सांगायचं? आणि नाही सांगितलं तर मासे मरणार. हा प्रश्न मी तीन आठवडे खिशात घालून हिंडलो. हिने उपाय सुचवला, की डबा लपवा. पण लपवला तर नाना शोधणार, सापडला नाही की स्वतःलाच दोष देणार. मग तिने रोजची एकच चिमूट कागदाच्या पुडीत बांधून ठेवली. नानांनी दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून पोळीचा चुरा आणून घातला. माया पुडीत मावत नाही.

त्यातच एप्रिल आला. नगरचा एप्रिल काय सांगायचा? पाणी तापलं की त्यात हवा कमी मावते, हे मला नंतर कळलं. एका पहाटे चारातला एक सोनेरी मासा आडवा तरंगत होता. नाना तिथेच खुर्चीवर बसून होते. म्हणाले, "उपाशी गेला बिचारा. आपल्या घरात उपाशी गेला."

मला त्या वेळी खरं सांगता आलं नाही. आणि त्याचं कारण माझा भिडस्तपणा नव्हता. ते मी इथे लिहूनच टाकतो. टाकीला हवा सोडणारा एक पंप असतो. बुडबुडे वर येऊन फुटतात, पाणी हलतं, त्यामुळे साय धरत नाही आणि हवाही मिळते. तो पंप मी रोज रात्री झोपताना बंद करत होतो. पाच वॅटचा पंप, आठ तास, तीस दिवस, म्हणजे महिन्याला सव्वा युनिट. ही माझी बचत! रात्रभर पाणी निश्चल राहायचं, वर साय धरायची, सकाळी मासे धाप लागून वर यायचे, आणि नानांना वाटायचं भूक लागली. मग ते घालायचे, त्याची आणखी साय. खतावणीत एकाची नावे बाजू दुसऱ्याची जमा होते तसं. त्यांच्या विसरण्याचा हिशेब मी पेन्सिलने खुणा करून काढला होता. माझ्या बटणाची नोंद कुठेच नव्हती.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी आधी तेच सांगितलं. "नाना, मासा उपाशी नाही गेला. गुदमरून गेला. रात्री पंप मी बंद करायचो. ते सकाळी तोंड उघडायचे ते भुकेने नाही, हवेसाठी."

नाना बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "आणि मी वर घालत होतो."

"हो."

"किती वेळा?"

आता काय सांगणार? "चार-पाच," मी म्हणालो. पेन्सिलच्या खुणांप्रमाणे सात होत होते.

"मला कळतं रे," ते म्हणाले. "सकाळचं राहत नाही डोक्यात. डब्यापाशी उभा राहतो आणि विचार करतो, घातलं का नाही? घातलं असेल आणि पुन्हा घातलं तर दोनदा जेवतील. नसेल घातलं आणि तसाच गेलो तर उपाशी राहतील. मग मी घालतो. तूच सांग, तुझ्या बँकेत कॅश कमी भरली तर खिशातून घालतोस ना? जादा भरली तर कोणी काही म्हणतं का?"

मी म्हणालो, "म्हणतात. जादा कॅशची पण नोंद करावी लागते. ती कोणाची तरी असतेच."

हे त्यांना पटलं की नाही, माहीत नाही. मास्तर माणूस, एकदम कबूल करणार नाही. पण माझ्या मते त्यांचाच मुद्दा भारी होता. चूक होणारच असेल तर ती कोणत्या बाजूला व्हावी, हे माणूस आपल्या भुकेवरून ठरवतो, आणि मी कधी उपाशी राहिलेलो नाही. मिलो मी फक्त ऐकली आहे.

पंप आता रात्रंदिवस चालतो. डॉक्टरांना दाखवून आलो, गोळ्या सुरू आहेत, अर्धी-अर्धी माहिती मिळाली. मी एक कोरी पासबुकासारखी वही आखून टाकीशेजारी दोऱ्याने बांधली. तारीख, वेळ, चिमूट, सही. नाना ती इतक्या काटेकोर लिहितात की आमच्या शाखेत त्यांना घ्यावं. मागच्या आठवड्यात एका दिवशी ८.१० आणि ८.४० अशा दोन नोंदी आहेत. दुसरीवर त्यांनीच लाल पेनाने आडवी रेघ मारून लिहिलंय, "चुकून. रद्द." आणि खाली सही. पोटात गेलेलं रद्द कसं होणार, हे मी विचारलं नाही.

साय अजून थोडी येते. स्वयंपाकघर हॉलला लागून, फोडणीचा धूर जातो कुठे? काळी मॉली ती वरून चाटत फिरते, तिला ती आवडते म्हणतात. बाकीची मी पहाटे पाचला उठून टीपकागदाने काढतो. नाना उठायच्या आत काढतो, कारण साय दिसली की त्यांना वाटतं आपणच काल जास्त घातलं.

परवा असाच उठलो. अंधारात चाचपडत टाकीपाशी गेलो, दिवा लावला, तर पाणी स्वच्छ. बुडबुडे नुसते फुटताहेत. कचऱ्याच्या डब्यात ओला गुलाबी टीपकागद, नीट चौघडी घालून ठेवलेला. नाना पलीकडे खुर्चीत कालचाच पेपर घेऊन बसले होते.

"चहा झाला तुमचा?" मी विचारलं.

"झाला असेल," नाना म्हणाले. "पण तू ठेव."